पाच वॉट आणि दोन कान

शनिवारी रात्री साडेआठ वाजता आयटीत नोकरी करणारा, अठ्ठावीस वर्षांचा, आईच्या भाषेत 'आता तरी मार्गी लागावा असा' मुलगा कुठे असावा? कुठेही असो, पण आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मते तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे अंधारात हेडफोन लावून, वहीत काहीतरी खरडत, मधूनच टकटक करत बसलेला नसावा. पहिले दोन-तीन शनिवार त्याने सोडून दिले. चौथ्या शनिवारी सेक्रेटरीसाहेब स्वतः वर आले. टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत ताणलेली दहा मीटरची तार त्यांनी बोटाने वाजवून पाहिली (नशीब, त्या क्षणी मी काही पाठवत नव्हतो, अशा तारेच्या टोकाशी पाच वॉटलाही शंभरेक व्होल्ट असतात) आणि म्हणाले, "कपडे वाळत घालायला बारीक नाही का होत ही?"

मी खरे ते सांगितले. हॅम रेडिओ, सरकारची परीक्षा दिली आहे, परवाना आहे, ही अँटेना आहे, पाच वॉटवर मोर्समध्ये युरोपशी बोलायचा प्रयत्न चालू आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"युरोपात कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही."

"मग? आणि व्हॉट्सअ‍ॅप आहे की!"

असल्या वेळी देण्यासाठी हॅम लोकांनी एक इभ्रतदार उत्तर तयार ठेवलेले असते. ते म्हणजे आपत्ती. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचा गट नेमका अंदमानात हॅम रेडिओ चालवायला गेलेला होता. फोन बंद पडले तेव्हा पोर्ट ब्लेअरहून त्यांनी निरोपांची ने-आण केली. हे सगळे शंभर टक्के खरे आहे, आणि मीही तेच सांगून सेक्रेटरींना खाली पाठवले. ते भारावले वगैरे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मी गच्चीवर बसून आपत्तीची वाट बघत नसतो. मला फक्त बघायचे असते की इतक्याशा शक्तीत आपण कुठवर पोचतो.

निदान तेव्हा तरी मला असेच वाटायचे. आता थोडे वेगळे वाटते, म्हणून हे सगळे लिहायला बसलो.

तर आधी थोडी ओळख. बिनतारी संदेशांच्या जुन्या क्यू-संकेतांत 'क्यूआरपी' म्हणजे शक्ती कमी करा. पुढे प्रश्नचिन्ह लावले की 'कमी करू का?' हौशी रेडिओवाल्यांमध्ये याचा एक पंथच आहे. मोर्ससाठी ५ वॉट, बोलण्यासाठी १० वॉट, त्याच्या वर जायचे नाही. एका वॉटच्याही खाली गेलात तर मागे आणखी एक 'पी' लागतो, आणि पंथातले लोक तुमच्याकडे जरा आदराने बघू लागतात. गंमत म्हणजे १९६१ साली अमेरिकेत या मंडळींचा क्लब निघाला तेव्हा त्यांची मर्यादा १०० वॉट होती! आज दुकानात मिळणारा साधा सेट तेवढेच देतो. पुढे १९७४ साली इंग्लंडात जॉर्ज डॉब्स नावाच्या पाद्र्याने जी-क्यूआरपी क्लब काढला आणि हातावर मावतील असे सेट घरी बनवायला लोकांना शिकवले. आपल्याकडे हैदराबादच्या अशर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचा सेट आखला. सहा वॉटचा, बोलण्यासाठीचा, आणि भारतातल्या पोरांना गल्लीतल्या दुकानात मिळतील अशाच वस्तूंचा. त्यात महागड्या चुंबकीय कड्यांऐवजी नळाचे वॉशर वापरून त्यावर तार गुंडाळायची सोय होती. नळाचे वॉशर! मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमची चार वर्षे काढली, पण इतके सुंदर इंजिनिअरिंग मला कोणत्याही प्रॅक्टिकलला दिसले नाही. (आमच्या प्रॅक्टिकलला फाइल वेळेवर सबमिट करणे हेच मुख्य इंजिनिअरिंग होते.)

माझा सेट म्हणजे मोर्सचे एक किट. सोल्डरिंग करून उभे केलेले, साबणाच्या डबीएवढे, शक्ती पाच वॉट. आमच्या बाथरूममधला एलईडी दिवा नऊ वॉटचा आहे. पण पाच वॉट म्हणजे खरेच इतके थोडे आहे का? शंभरावरून पाचवर आलात की शक्ती विसावा हिस्सा होते, डेसिबलमध्ये १३. पलीकडच्या माणसाच्या रेडिओवर सिग्नलचा काटा असतो, त्यावरचे एक घर म्हणजे ६ डेसिबल. म्हणजे शक्ती वीसपट कमी करूनही त्याचा काटा जेमतेम दोन घरे खाली येतो, नवावर होता तो सातावर. शिवाय मोर्स. बोलायला सुमारे अडीच हजार हर्ट्झचा पट्टा लागतो, मोर्सला दोन-अडीचशे पुरतात. पट्टा दहापट अरुंद केला की गोंगाटही दहापट कमी आत येतो. बाकीचे काम वर दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवरचा आयनांचा थर करतो, आणि त्या थराला सूर्य पोसतो. अकरा वर्षांच्या सौर चक्राचा शिखरकाळ आल्याचे २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले. म्हणजे मी या छंदात पडलो ती वेळ निव्वळ नशिबाची होती. पाच-सहा वर्षे आधी पडलो असतो तर बहुधा सेट विकून गिटार घेतले असते.

आणि ते व्हॉट्सअ‍ॅप! आपला फोन टॉवरकडे जास्तीत जास्त ०.२ वॉट फेकतो. तेवढ्यात सगळे भागते, कारण टॉवर कोपऱ्यावर उभा असतो आणि त्याला कान असतात भलेमोठे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या पंथाची फुशारकी. हो, कमी शक्तीवाल्यांनाही फुशारकी असते, उलट जरा जास्तच. वॉटमागे किती मैल गेलात त्यावर ती मोजतात. वॉटमागे हजार मैल जमले की प्रशस्तिपत्रक मिळते. १९७० साली अलास्का आणि ओरेगॉन यांच्यामध्ये दहा मीटर बँडवर एका मायक्रोवॉटमध्ये १६५० मैलांचा संपर्क झाल्याची नोंद सांगतात. भागाकार करा, वॉटमागे १६५ कोटी मैल! अशा आकड्यांनी अंगावर काटा येतो. निदान माझ्या यायचा. आमच्या हापिसात प्रॉडक्शन हळू झाले की सगळ्यात पहिला उपाय म्हणजे आणखी दोन मशिन चढवा. कोड कोणी उघडून बघत नाही. आठवडाभर तसले काम करून आलेल्या माणसाला शनिवारी पाच वॉटमध्ये भागवायची चैन काय वाटते ते तिथेच काम करणाऱ्यांना कळेल.

नोव्हेंबर २०२४. साडेआठ वाजलेले. १४.०६० मेगाहर्ट्झ ही या पंथाची भेटायची ठरलेली जागा, तिथे मी चाळीस मिनिटे 'सीक्यू' ठोकत होतो. सीक्यू म्हणजे 'कोणीही या'. कोणीही येत नव्हते. डास मात्र येत होते. आवरायला लागणार एवढ्यात गोंगाटाच्या तळातून कोणीतरी पाठवले, "व्हीयू?" बस्स, दोन अक्षरे आणि प्रश्नचिन्ह. भारतीय कॉलसाइनची सुरुवात 'व्हीयू'ने होते. म्हणजे कुणाला तरी माझे पहिले दोन अक्षर लागले होते आणि पुढचे बुडाले होते.

मी कॉलसाइन पाठवली. "अगेन?" पुन्हा पाठवली. त्याने आणखी एक अक्षर पकडले. पुन्हा. मधे सिग्नल बुडाला तेव्हा तो गप्प राहिला, आणि वर आल्या आल्या पुन्हा विचारले. हाताला घाम आणि अक्षरे वेडीवाकडी, तरी त्याने सोडले नाही. माझी पूर्ण कॉलसाइन त्याच्या वहीत उतरायला अकरा मिनिटे लागली. त्याचा सिग्नल माझ्याकडे ५७९, माझा त्याच्याकडे ३३९. त्यातला पहिला आकडा म्हणजे वाचता येते का ते. पाचपैकी तीन म्हणजे 'मुश्किलीने'. इटलीतला माणूस होता. अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर.

मी गच्चीवर एकटाच नाचलो. मग लगेच भागाकार. ३,९०० मैल भागिले पाच म्हणजे ७८०. हजाराला कमी पडले! तीन वॉटवर केले असते तर झाले असते, अशी हळहळसुद्धा वाटली. माणसाची हाव बघा.

दुसऱ्या दिवशी त्याला आभाराची मेल टाकली. त्याचे उत्तर आले, सोबत फोटो. टेकडीवरचे गाव, शेजारी द्राक्षाचा मळा, आणि घरामागे अठरा मीटरच्या मनोऱ्यावर तीन दांड्यांची यागी अँटेना, पूर्वेकडे तोंड करून. आसपास कारखाना नाही, वर्दळ नाही. लिहिले होते की त्याच्याकडे रात्री इतकी शांतता असते की पट्ट्यावर कोणी कुजबुजले तरी कळते. मी फोटोकडे बराच वेळ बघत होतो. मला वाटत होते मी पाच वॉटमध्ये इटली गाठले. गाठले वगैरे काही नव्हते. माझा चिमूटभर सिग्नल तिथे सांडला होता आणि एका माणसाने अठरा मीटर उंचीवरून, अकरा मिनिटे खपून तो वेचून घेतला होता. वॉटमागे ७८० मैल हा आकडा त्याचा होता. मी नुसता खर्चाचा हिशोब.

हेच माझे म्हणणे आहे, आणि यावर आमच्या गटात माझे दोन जणांशी वाजलेही आहे. कमी शक्तीचा संपर्क हा पाठवणाऱ्याचा पराक्रम म्हणून सांगितला जातो, आणि ते अर्धसत्यही नाही. पाठवायला काय लागते? बटण दाबायला लागते.

मोठी उदाहरणे घ्या. १९७७ साली निघालेल्या व्हॉएजरचा ट्रान्समीटर वीस-बावीस वॉटचा. त्याचे कौतुक करताना आपण इथल्या ७० मीटर व्यासाच्या थाळीला विसरतो. किंवा अगदी आपल्या दारातले बघा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस अँटेना आहेत, कधीतरी सहलीत लांबून पाहिल्या असतील. २०१६ च्या ऑक्टोबरात युरोपचे 'स्कियापरेली' हे यान मंगळावर उतरायला निघाले. त्याचा रेडिओ मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाशी बोलायला बनवलेला, जवळच्या जवळ. पण उतरताना त्याच्या सिग्नलचा माग थेट पृथ्वीवरून काढायचे काम या खोडदच्या अँटेनांना दिले, आणि त्यांनी तो पकडला. यान पोचायच्या आधीच सिग्नल थांबला, ते मंगळावर आदळून फुटले. पण शेवटपर्यंत त्याचे ऐकणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातले एक गाव होते. पुण्याहून दीड-दोन तासांवर.

हॅम लोकांच्या बोलीत एक फार छान शिवी आहे, 'अ‍ॅलिगेटर'. म्हणजे मगर. तोंड मोठे, कान छोटे. किलोवॉटचा ट्रान्समीटर लावून जगभर ऐकू जाणारा, पण स्वतःला कोणाचे काही ऐकू न येणारा. आता शहरात राहणारे आपण सगळेच मगरी होत चाललो आहोत, आणि यात आपला दोषही नाही. माझ्या गच्चीवर गोंगाटाचा काटा सात-आठवर असतो. एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या इमारतीचे सोलर, लिफ्टची मोटार, सगळे मिळून सतत भाजल्यासारखा चरचर आवाज. काट्यावर पाच-सहाला पोचणारा पाच वॉटवाला मला हाक मारत असेल तर तो माझ्यासाठी अस्तित्वातच नाही. म्हणजे मी पाच वॉटवर जगाकडून ऐकून घेतो, आणि जगातल्या पाच वॉटवाल्यांचे स्वतः ऐकत नाही. साबणाच्या डबीतली मगर!

हे सगळे मला काकांशिवाय इतके लागले नसते. काका माझे सख्खे काका नाहीत. तारखात्यातून निवृत्त झालेले तारमास्तर, वय ऐंशीच्या पुढे, सदाशिव पेठेत राहतात. मोर्स मला त्यांनी शिकवली. मी मोबाइलवर अ‍ॅप घेऊन टिंबे आणि रेघा मोजत बसलो होतो तेव्हा म्हणाले, "अरे, मोजतोस काय? 'कौ' वाचताना काना, मात्रा वेगळे मोजतोस का? अख्खा आवाज ऐक." तार ऑफिसात सूर नसायचा. नुसती लोखंडाची कडकट्ट, आणि दोन कट्टांमधल्या अंतरावरून टिंब की रेघ ते ओळखायचे. त्यानंतर रेडिओतली सुरातली मोर्स म्हणजे त्यांना गाणे ऐकल्यासारखी वाटली म्हणे. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली, त्या रात्री ते सेटवर बसून कोणाकोणाशी मोर्समध्ये बोलत होते.

गेली तीन-चार वर्षे त्यांचे कान जात आहेत. म्हातारपणी आधी वरचे सूर जातात, म्हणून त्यांनी मोर्सचा सूर ७०० हर्ट्झवरून ४५० वर आणला. वर्षभर निभावले. पण खरी अडचण सुराची नसते, गोंगाटातून सूर वेगळा काढण्याची असते. तेच जमेना. मग कानाचे यंत्र घेतले, चांगले महागाचे, डिजिटल. ते लावून सेटवर बसले तर मोर्स आणखीच गायब! कारण त्यातले सॉफ्टवेअर माणसाच्या बोलण्यासाठी लिहिलेले. सलग एका सुरातला आवाज आला की यंत्राला वाटते ही आपलीच फीडबॅकची शिट्टी, आणि ते इमानाने तो दाबून टाकते. आमच्याच कोणा जातभाईने लिहिले असणार. त्याच्या रिक्वायरमेंटमध्ये तारमास्तर नव्हता.

हात मात्र अजून तसाच. ते पाठवतात तेव्हा शब्द मोजून मांडल्यासारखे पडतात. पाठवतात, आणि मग पलीकडचे उत्तर ऐकू येत नाही. एकदा हेडफोन काढून ठेवत म्हणाले, "माझी मगर झाली रे."

मला काय बोलावे कळेना. मी चहा मागितला.

इथे एका गोष्टीची कबुली द्यायला हवी. एफटी-८ नावाच्या प्रकाराबद्दल माझे मत तोवर अगदी ठाम आणि वाईट होते. जो टेलर यांना दुहेरी पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे टेलर स्वतः हॅम. आकाशातले बारीक सिग्नल वेचायचे गणित त्यांनी आपल्या छंदात आणले. २००८ मध्ये त्यांनी 'विस्पर' आणले, त्यात लोक ०.२ वॉटवर दोन-दोन मिनिटांचे ठोके सोडतात आणि ते पार दुसऱ्या खंडात उमटतात. मग २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर एफटी-८. दर पंधरा सेकंदांना संगणक ७७ बिटांचा एक निरोप पाठवतो, पलीकडचा संगणक तो गोंगाटाच्या तळातून उचलतो. कॉलसाइन, ठिकाण, सिग्नलचा आकडा, नमस्कार. संपले. आज कोणत्याही बँडवर सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. मी म्हणायचो, हा काय संपर्क आहे? दोन लॅपटॉपनी हात मिळवले, माणसे चहा पीत होती.

पण काकांचे हेडफोन काढून ठेवणे डोळ्यांपुढून जाईना. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो, त्यांच्या सेटला जोडला, शक्ती पाच वॉटवर आणली (हा त्यांचा हट्ट). दीड तासात जपान, इंडोनेशिया, पोलंड, दोन इटालियन. पडद्यावर ओळी सरकत होत्या. काका चष्मा लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "छान आहे. पण यात मी काय केलं?"

खरे सांगतो, मला बरे वाटले. माझे मत शाबूत राहिले या आनंदात मी घरी आलो. किती क्षुद्र आनंद तो.

दहा दिवसांनी पहाटे पावणेसहाला फोन. "ब्राझील!" मला वाटले कोणी गेले. काकांनी तोवर एकट्याने साठ-पासष्ट संपर्क केले होते, वहीत शाईने लिहून काढले होते, आणि काकूंचे म्हणणे होते की हे चार वाजता उठतात आणि माझी झोप मोडतात. भेटायला गेलो तेव्हा म्हणालो, "काका, तुम्हीच म्हणालात ना, यात मी काय केलं?" तर म्हणाले, "म्हणालो खरा. पण पलीकडे कोणी आहे एवढं तरी कळतं रे. मधे वर्षभर तेही कळत नव्हतं."

तेव्हापासून एफटी-८ ला नावे ठेवणे मी बंद केले आहे. पूर्णपणे नाही. ज्याचे कान गेले त्याला तो कान आहे, आणि त्यावर कोणी नाक मुरडले तर मी भांडेन. पण ज्यांचे कान शाबूत आहेत अशा माझ्या वयाच्या लोकांशी माझे अजूनही भांडण आहे. परवाना मिळाल्या मिळाल्या थेट लॅपटॉप जोडतात, महिन्यात शंभर देशांच्या मागे लागतात, चौथ्या महिन्यात कंटाळून सेट सेकंडहँडला काढतात. त्यांना वाटते हे यंत्र ऐकते तेवढे माणसाला ऐकूच येणार नाही. हिशोब करा. अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट धरला तर एफटी-८ त्याच्या २० डेसिबल खालचा, म्हणजे शंभरावा हिस्सा असलेला सिग्नल वाचते. ऐकायला भयंकर वाटते. पण तो सिग्नल स्वतः पन्नासच हर्ट्झ रुंद असतो. तेवढ्याच पट्ट्यातला गोंगाट मोजला तर तो तीन-चार डेसिबलच खाली निघतो, म्हणजे जादू बरीच उतरते. आणि मुरलेला माणूस कानाने, त्याच अडीच हजारांच्या हिशोबात, साधारण १५ डेसिबल खालची मोर्स लावतो असे धरतात. फरक पाच-सहा डेसिबलचा. नोबेलवाल्या माणसाचे गणित एकीकडे, आणि दुसरीकडे सदाशिव पेठेत तार ऑफिसात तयार झालेला कान, तर मधले अंतर काट्यावरचे एक घर! इतका चांगला कान आपल्याला फुकट मिळाला आहे आणि आपण तो कॉन्फरन्स कॉलवर वाया घालवतो.

मी स्वतःपुरते दोन बदल केले. एक म्हणजे वहीत नवा रकाना आखला. माझ्या शक्तीच्या शेजारी पलीकडच्याची अँटेना लिहितो, आणि त्याने किती वेळा 'अगेन' विचारले ते. वॉटमागे मैल काढणे सोडून दिले. दुसरे, गच्चीवर गेलो की पहिला अर्धा तास काही पाठवायचे नाही, सगळ्यात बारीक सिग्नल शोधायचा. गोंगाट कमी करायला तार टाकीपासून दूर नेली आणि सेट बॅटरीवर घेतला, तेवढ्यानेच काटा सातावरून पाचावर आला. गेल्या महिन्यात केरळातला एक जण सापडला, अर्धा वॉट. नऊ मिनिटे लागली. कॉलसाइनचे शेवटचे अक्षर काही केल्या लागेना, पाच वेळा विचारले. शेवटी लागले तेव्हा त्याने पाठवले, "धीर धरल्याबद्दल आभार." बाराशे किलोमीटरही नसेल अंतर. मी खाली येऊन घरच्यांना सांगत सुटलो, आणि आईने विचारले, "तो काय म्हणाला?" आता काय सांगणार.

आणि शनिवारी रात्री नऊ वाजता ४० मीटर बँडवर काका आणि मी. मी वाकडला, ते सदाशिव पेठेत, मधे फार तर पंधरा किलोमीटर. ते पाच वॉटवर हाताने पाठवतात, मी ऐकतो. मग मी पाठवतो, सावकाश, मिनिटाला सहा-सात शब्द. त्यांच्याकडे सूर ४५० वर लावलेला असतो आणि कानातले यंत्र काढून ठेवलेले असते. एवढ्या जवळ असल्याने माझा सिग्नल त्यांच्याकडे जोरात पडतो, त्यामुळे बरेचसे लागते. पंधरा किलोमीटरसाठी आमचा निरोप बहुधा तीनशे किलोमीटर वर जाऊन खाली येतो. बोलणे काय, तर पाऊस, काकूंचा गुडघा, सेक्रेटरींनी तार काढायला सांगितली का. एखादे अक्षर हुकले की काका 'अगेन' विचारतात. मी पुन्हा पाठवतो. कधी चार वेळा, कधी सहा वेळा. घाई कोणालाच नसते.

काल त्यांना सगळे नीट लागले, एकदाही विचारले नाही. शेवटी नमस्काराच्या आधी पाठवले की तुझा 'एल' अजून लंगडतो, तेवढा सुधार.